पेन्सिलीच्या शिसात नेमके काय असते, आणि एकाच छापाच्या दोन पेन्सिली वेगळ्या का लिहितात?

गिरणाकाठ (धागालेखक)

मी चाळीसगाव तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिकवतो. यंदा मुलांना वाटण्यासाठी आलेल्या पेन्सिलींत दोन वेगवेगळ्या उत्पादकांचा माल होता आणि दोन्हींवर एचबी असेच छापलेले होते. प्रत्यक्षात त्यांतली एक कागदावर फिकट करडी उमटते आणि वहीच्या पातळ पानावर ओरखडे पाडते. दुसरी चांगली काळी लिहिते, परंतु शार्पनरमध्ये घातली की तिचे शिस तुकड्यातुकड्यांनी हातात येते. वर्गात दिवसभर "सर, शिस तुटी गयं" हेच ऐकावे लागते. त्यात भर म्हणून पालकसभेत एका आईने विचारले, की मुलगा सारखी पेन्सिल चघळत असतो, तर शिसे पोटात जाऊन त्याला विषबाधा होईल का. पेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते, एवढे मी सांगितले आणि त्यांचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही.

ग्रॅफाइट हा जर एकच पदार्थ असेल, तर त्यातून एचबी, २बी, २एच असे प्रकार कसे निघतात? आणि एकाच प्रकाराच्या दोन पेन्सिलींत इतका फरक कशामुळे पडतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. "महागातली घ्या" एवढ्यावर उत्तर संपवू नये, कारण वाटपाचा माल निवडणे माझ्या हाती नसले, तरी गावातल्या दुकानदाराला काय आणून ठेवावे, हे मी सांगू शकतो.

काळा_पाषाण

सर, मी अमळनेरला महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर ग्रॅफाइटपेक्षा मातीत अधिक आहे, म्हणून आधी ग्रॅफाइटचा विषय उरकून घेतो.

ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, आणि हिरा म्हणजेही कार्बनच. हिऱ्यात प्रत्येक अणू भोवतीच्या चार अणूंशी सर्व दिशांनी घट्ट बांधलेला असतो. ग्रॅफाइटमध्ये तो एकाच पातळीतील तीन अणूंशी बांधलेला असतो आणि त्यातून षटकोनांचे सपाट थर तयार होतात. एका थरातील शेजारच्या दोन अणूंमधले अंतर ०.१४२ नॅनोमीटर असते, तर लगतच्या दोन थरांमधले अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे दुपटीहून अधिक. त्यामुळे थर स्वतः अतिशय चिवट असतो, पण एका थराची दुसऱ्यावरची पकड अगदी सैल असते. केळीच्या पानांचा गठ्ठा तिरका धरला की पाने न फाटता एकमेकांवरून घसरतात, तसे हे थर कागदाच्या तंतूंवर घासले गेले की सुटून येतात आणि तंतूंच्या खाचांत अडकून बसतात. पेन्सिलीचे अक्षर म्हणजे एवढेच. शाईप्रमाणे कागदात काही मुरत नाही, म्हणून ते खोडरबराने निघते. काच गुळगुळीत असल्यामुळे तिच्यावर पेन्सिल उमटत नाही. आणि कार्बन उन्हाने विटत नाही की पाण्यात विरघळत नाही, म्हणून जुन्या सातबाऱ्यावर कोणी पेन्सिलीने केलेली खूण आजही वाचता येते, तर शेजारची शाई फिकी पडलेली असते. खनिजांच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर हिरा १० वर आहे आणि ग्रॅफाइट १ ते २ च्या दरम्यान, म्हणजे आपल्या नखापेक्षाही मऊ.

शिशाशी त्याचा संबंध जोडला गेला तो इंग्लंडमध्ये. तेथील कंबरलँड परगण्यात बॉरोडेल या ठिकाणी सोळाव्या शतकात अत्यंत शुद्ध ग्रॅफाइटचा साठा सापडला. तो काळा, चकचकीत पदार्थ शिशाचाच एखादा प्रकार असावा, असे लोकांना वाटले. त्याच्या कांड्या कापून त्या दोऱ्याने गुंडाळून किंवा लाकडात बसवून वापरत. हा पदार्थ कार्बनचा प्रकार आहे, हे स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७९ साली दाखवले आणि ग्रॅफाइट हे नाव १७८९ मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ वेर्नर यांनी दिले. तोवर लोकांच्या तोंडी शिसे हाच शब्द बसला होता आणि तो आपल्याकडेही तसाच आला.

आता मुख्य मुद्दा. फ्रान्समधील क्रांतीनंतर इंग्लंडशी युद्ध जुंपले आणि बॉरोडेलचा माल फ्रान्सला मिळेनासा झाला. हाताशी होते ते हलक्या प्रतीचे, मातकट ग्रॅफाइट. निकोला-जाक काँते यांनी ते कुटून स्वच्छ केले, त्याच्या भुकटीत बारीक चिकणमाती आणि पाणी मिसळले, त्या लगद्याच्या कांड्या केल्या आणि त्या भट्टीत भाजल्या. या पद्धतीचे पेटंट त्यांना १७९५ साली मिळाले. व्हिएन्नाचे योझेफ हार्टमुट हेही त्याच सुमारास याच वाटेने गेले होते. आज जगातली बहुतेक लाकडी पेन्सिल याच पद्धतीने बनते. मिश्रण दळून दळून एकजीव करतात, बारीक छिद्रातून दाबून शेवयांसारखे लांब दोरे काढतात, ते वाळवतात आणि हवा लागू न देता सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमानात भाजतात. भाजल्यावर मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात, त्यांची एक कडक जाळी तयार होते आणि ग्रॅफाइटचे पापुद्रे त्या जाळीत अडकून राहतात. म्हणजे तुमच्या हातातले शिस हे खरे तर कुंभारकाम आहे. त्याचा कठीणपणा ग्रॅफाइटमधून येत नाही, तो भाजलेल्या मातीमधून येतो.

माती वाढवली की शिस कठीण होते आणि अक्षर फिके उमटते. ग्रॅफाइट वाढवले की शिस मऊ होते आणि अक्षर काळे येते. एच हे कठीणपणाचे चिन्ह आणि बी हे काळेपणाचे; एचबी मधोमध, आणि एफ हा एचबी व एच यांच्या सांध्यावरचा प्रकार. एचबीमध्ये साधारणपणे दोन तृतीयांश ग्रॅफाइट, पाव भाग माती आणि सुमारे ५ टक्के मेण असते. ९एचमध्ये ग्रॅफाइट ४० टक्क्यांच्या आसपास उतरते, तर ८बीच्या पुढे ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. मेण शेवटी येते: भाजलेली कांडी सच्छिद्र असते, ती गरम मेणात किंवा चरबीत मुरवतात, त्यामुळे ती कागदावर न अडकता चालते.

तुमची ओरखडे पाडणारी पेन्सिल बहुधा दोन कारणांनी तशी झाली असावी. एक तर माती जास्त, किंवा मग माती नीट गाळलेली नाही आणि तिच्यात वाळूचे खडे राहिले आहेत. पानावर बारीक चकचकीत चरा उठत असेल, तर दोष खड्याचा समजावा.

सोनारगल्ली

काळा पाषाण सरांनी कुंभारकाम म्हटले ते वाचून राहवले नाही. आमचे जळगावला पिढीजात सोन्याचे काम आहे. आटणीसाठी, म्हणजे सोने वितळवण्यासाठी, आम्ही जे काळे भांडे म्हणजे मूस वापरतो, ती ग्रॅफाइट आणि माती यांचीच असते, म्हणजे पेन्सिलीचाच ऐवज. सोने १०६४ अंशांवर वितळते. ग्रॅफाइट साध्या दाबाखाली वितळतच नाही, ३६०० अंशांच्या पुढे गेल्यावर त्याची थेट वाफ होते. शिवाय ते उष्णता चटकन पसरवते, एकदम तापले किंवा गार झाले तरी सहसा तडकत नाही आणि वितळलेले सोने त्याला चिकटून बसत नाही, त्यामुळे घट कमी येते. बॉरोडेलच्या ग्रॅफाइटबद्दल मी असे वाचले आहे, की तेथे तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून त्याचा लेप देत असत. कारण हेच असणार.

मात्र एक गोष्ट अनुभवाने सांगतो. मूस वितळत नसली तरी जळते. उघड्या हवेत लाल होईपर्यंत तापवत राहिले की कडांचे ग्रॅफाइट हळूहळू जळून जाते, तेथे नुसती पांढरट माती उरते आणि मग ती बोटाने चोळली तरी झडते. म्हणून पेन्सिलीची कांडी हवेविना का भाजतात, हे आमच्या दुकानात कोणाला वेगळे समजवावे लागणार नाही. चिमट्यात पेन्सिलीच्या शिसाचा तुकडा धरून तो आमच्या फुंकणीच्या ज्योतीत बराच वेळ ठेवला, तर त्याचेही असेच होते: वरचा काळा रंग जातो आणि राखाडी-पांढरी, ठिसूळ कांडी शिल्लक राहते. तीच त्यातली माती.

भरीत_पार्टी

एक भाबडा प्रश्न. आपल्याकडे मातीला तोटा नाही. तापीकाठच्या काळ्या मातीपासून शिस बनवता येईल का?

काळा_पाषाण

प्रश्न भाबडा नाही. काळ्या मातीतील मुख्य चिकण खनिज पाणी प्यायले की फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. असल्या मातीची कांडी वाळतानाच वाकडी होईल आणि तडकेल. शिवाय तिच्यात चुनखडीचे कण असतात, ते भट्टीत भाजून पुढे हवेतील ओलाव्याने फुगतात. पेन्सिलीला चिनी मातीच्या जातीची, कमी आकसणारी आणि खडे नसलेली माती लागते. ग्रॅफाइटही आपल्या भागात मिळत नाही. कार्बन असलेले जुने गाळाचे खडक जमिनीत खोलवर दाब आणि उष्णता सोसून बदलतात, तेव्हा ते तयार होते; आपल्या पायाखाली आहे तो लाव्हारसाचा बेसाल्ट. भारतात ते ओडिशा, झारखंड, तामिळनाडू आणि अरुणाचल प्रदेश या भागांत सापडते.

सागवानी

मी नंदुरबारकडचा, फर्निचरचे काम करतो. धागालेखकांच्या दुसऱ्या पेन्सिलीबद्दल, म्हणजे शिस तुकड्यातुकड्यांनी पडणाऱ्या पेन्सिलीबद्दल, सर्वांनी मातीवर आणि भट्टीवर बोट ठेवले आहे, त्याला माझी थोडी हरकत आहे. शिस चांगले असूनही पेन्सिल वाईट असू शकते, आणि बहुतेक वेळा दोष लाकडाचा व चिकटवणीचा असतो.

लाकडी पेन्सिल अखंड लाकडाला भोक पाडून करत नाहीत. पातळ पट्टीवर समांतर खोबणी कोरतात, प्रत्येक खोबणीत गोंद घालून शिस ठेवतात, वर तशीच दुसरी पट्टी दाबून बसवतात आणि वाळल्यावर त्या जोडपट्टीतून एकेक पेन्सिल कापून काढतात. न रंगवलेल्या टोकाकडे निरखून पाहिले तर मधोमध सांध्याची रेघ दिसते. शिस मूळचे ठिसूळ. ते ताण सहन करते ते लाकडाने त्याला सर्व बाजूंनी घट्ट धरून ठेवल्यामुळे. गोंद कमी पडला की शिस आत सैल राहते, पेन्सिल जमिनीवर पडली की आतल्या आत ठिकठिकाणी तडे जातात, आणि तुम्ही टोक करायला घेतले की तुकडे एकामागून एक बाहेर येतात. मूल म्हणते शार्पनर वाईट आहे. तडा मात्र आधीच गेलेला असतो. वर्गात बाकावरून पेन्सिली किती वेळा घरंगळतात, ते तुम्ही पाहताच. षटकोनी पेन्सिल गोल पेन्सिलीपेक्षा कमी घरंगळते, हा तिचा मोठाच गुण. आमची सुतारी पेन्सिल तर चपटीच असते, ती छपरावरच्या उतरत्या वाशावर ठेवली तरी जागची हलत नाही, आणि तिचे शिस रुंद असल्यामुळे खरखरीत फळीवर दाबून रेघ ओढली तरी टिकते.

दुसरा दोष म्हणजे शिस मधोमध नसणे. मग शार्पनरचे पाते एका बाजूने शिसापर्यंत पोहोचते आणि दुसऱ्या बाजूला लाकूड टोकापर्यंत तसेच राहते. अशा पेन्सिलीचे टोक लिहिताना एका अंगाने उघडे पडते आणि तेथूनच मोडते. तिसरा दोष लाकडाच्या रेषांचा. रेषा सरळ असतील तर छिलका सलग, गोल निघतो. तिरक्या असतील तर पाते लाकडात रुतते, झटका बसतो आणि तो झटका शिसाला लागतो. परदेशात यासाठी पूर्वी अमेरिकेतील तांबडा सीडार आणि पुढे कॅलिफोर्नियाकडचा सुगंधी सीडार वापरू लागले. मऊ, सरळ रेषांचे, छिलपा न निघणारे लाकूड. आपल्याकडे आज बराचसा माल पॉप्लरच्या पट्ट्यांवर चालतो आणि त्या पट्ट्या मोठ्या प्रमाणावर काश्मीरमधील पुलवामा भागातून येतात. सागवान मला प्रिय असले, तरी पेन्सिलीला ते उपयोगाचे नाही: शार्पनरच्या पात्याला जड जाते, आणि त्याच्या तेलकटपणामुळे गोंद धरायलाही कुरकुर करते. बाभळीचे तर नावच नको.

विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. टोकाकडून पाहून शिस मधोमध आहे का, ते तपासावे. आणि पेन्सिल टेबलावर लोटून द्यावी, वाकडी असेल तर ती उड्या मारत जाते. दुकानदार थोडा वैतागतो, पण पाहू देतो.

गिरणाकाठ (धागालेखक)

सागवानी भाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच दोन्ही प्रकारच्या पेन्सिली टोकाकडून पाहिल्या. काळी लिहिणाऱ्या पेन्सिलीत शिस स्पष्टपणे एका बाजूला सरकलेले आहे, आणि एक पेन्सिल उभी चिरली तेव्हा शिस खोबणीतून नखाने सहज सुटून आले. खोबणीत गोंदाचा पत्ता नव्हता. ओरखडे पाडणारीच्या बाबतीत मात्र बांधणी उत्तम आहे. म्हणजे एकीचे शिस बरे आणि लाकूडकाम वाईट, तर दुसरीचे उलट.

रंगपत्रा

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या फर्निचरवर पावडर कोटिंग करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी पाहतो. आमच्याकडे पेन्सिल हे मोजमापाचे साधन आहे, हे वाचून काहींना नवल वाटेल. रंगाचा थर किती कठीण झाला आहे हे पाहण्यासाठी ६बीपासून ६एचपर्यंतच्या पेन्सिली घेतात, त्यांची शिसे पॉलिश पेपरवर घासून सपाट करतात आणि एका छोट्या गाड्यात ४५ अंशांच्या कोनात बसवून ७५० ग्रॅमच्या भाराखाली रंगावरून ढकलतात. ज्या पेन्सिलीने चरा पडत नाही अशी सर्वांत कठीण पेन्सिल हाच त्या रंगाचा कठीणपणा. यासाठी आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

या कामामुळेच एचबीबद्दल ठामपणे सांगू शकतो. या श्रेणींचे एकच जागतिक प्रमाण सर्व उत्पादकांवर बंधनकारक नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मालापुरती क्रमवारी राखते. तिचा २बी तिच्या एचबीपेक्षा काळा असतो, एवढीच हमी. एकाचा एचबी दुसऱ्याच्या एफच्या जवळ जातो आणि तिसऱ्याच्या बीच्या. म्हणून तपासणीत आम्ही एकाच कंपनीचा संच वापरतो आणि अहवालात त्याची नोंद करतो. धागालेखकांच्या दोन्ही पेन्सिलींवर एचबी छापणारे आपापल्या परीने खरे बोलत असतील.

जाता जाता एक इशारा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ग्रॅफाइटच्या पेन्सिलीने खुणा करू नयेत. ओलावा मिळाला की ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम यांची बारीकशी विद्युतघटी तयार होते आणि रेघेखालचा धातू खाल्ला जातो. विमानाच्या कामात यासाठीच त्याला मनाई असते.

उन्हाळी_सुट्टी

आमच्या घरी असे सांगत, की पेन्सिलींचा डबा उन्हात ठेवला की आतले मेण वितळते आणि शिसे तुटू लागतात. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हे कारणही धरावे काय?

काळा_पाषाण

काळ्या पेन्सिलीच्या बाबतीत धरू नये. तिला उभे ठेवते ती भाजलेली माती, आणि १००० अंश सोसलेल्या मातीला आपल्या वैशाखाचे काय? मेण थोडे मऊ झाले तरी ते सूक्ष्म छिद्रांत धरलेले असते. उन्हाने झाला तर लाकडाला त्रास होतो: ते वाळून आकसते आणि कच्चा सांधा उकलतो. रंगीत पेन्सिलींचे मात्र वेगळे आहे. रंगद्रव्ये आणि मेण भट्टीत टिकणार नाहीत, म्हणून त्या भाजतच नाहीत. रंग, टाल्क किंवा चिनी माती, मेण आणि डिंकासारखे बंधक यांचा वाळवलेला लगदा म्हणजे रंगीत शिस. तिथे मेणच आधार असल्यामुळे ऊन लागलेल्या डब्यातील रंगीत पेन्सिली खरोखरच बिघडतात. तुमच्या घरचे सांगणे बहुधा तेथूनच आले असावे.

यार्डमास्तर

भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडशी माझा अनेक वर्षे संबंध आहे. इंजिनाच्या डोक्यावरचा पँटोग्राफ तांब्याच्या तारेला जेथे घासतो, तेथे कार्बनच्या पट्ट्या असतात. वीज वाहून नेणारा आणि तरीही तारेला न खरवडणारा पदार्थ हवा, तर ग्रॅफाइटच्या कुळाला तोड नाही. थरातील प्रत्येक अणूचा चौथा इलेक्ट्रॉन मोकळा राहतो, तो थरातून सहज फिरतो, म्हणून वीज वाहते. आणि थर घसरतात, म्हणून ते कोरड्या वंगणाचे काम करते. जुन्या विद्युत मोटारींत फिरत्या भागाला घासत वीज पोहोचवणारे कार्बनचे ठोकळे, म्हणजे कार्बन ब्रश, हेही याच कारणाने असतात. वंगणाच्या या गुणाला हवेतील ओलाव्याची थोडी साथ लागते, हे फारसे कोणी सांगत नाही. अगदी कोरड्या किंवा विरळ हवेत ग्रॅफाइट खरखरीत होते, आणि दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर उडणाऱ्या विमानांतले ब्रश यामुळे भराभर झिजू लागले होते.

सरांना वर्गात दाखवण्यासाठी एक प्रयोग सुचवतो. जाड कागदावर ६बी किंवा ८बी पेन्सिलीने बोटभर रुंद आणि वीतभर लांब पट्टी गिरवावी, इतकी की ती चकाकू लागेल. ९ व्होल्टच्या बॅटरीचे एक टोक पट्टीच्या एका कडेला टेकवावे, दुसरे टोक एलईडी दिव्यामार्फत पट्टीवर टेकवून हळूहळू पहिल्या टोकाकडे सरकवत न्यावे. दूर असताना दिवा मिणमिणतो, जवळ आला की उजळतो. तीच पट्टी २एचने गिरवली तर तेज फारच कमी दिसते, कारण माती वीज वाहू देत नाही. आणि रंगीत पेन्सिलीने गिरवली तर दिवा लागतच नाही. दोन टोके अगदी चिकटवू नयेत, नाहीतर एलईडी जळेल. घरातल्या विजेच्या प्लगशी पेन्सिलीचे शिस कोणीही, कोणत्याही कारणाने नेऊ नये, हे मुलांना दोनदा बजावावे.

शहाद्याची_डॉक्टर

धाग्यातील आईच्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहिते. मी लहान मुलांची डॉक्टर आहे. ग्रॅफाइट आणि माती पोटात गेली तर ती न विरघळता जशीच्या तशी बाहेर पडतात. शिसाचा तुकडा गिळला म्हणून घाबरून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी बहुतेक वेळा घरी पाठवते. काळजी करायची तर ती वरच्या रंगाची. पिवळ्या आणि लाल रंगांत पूर्वी शिशाची संयुगे सर्रास असत. घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७ पासून लागू झाला. तरीही ज्या पेन्सिलीचा रंग ओल्या बोटाला लागतो किंवा दाताने पापुद्र्यासारखा निघतो, ती मुलाच्या हाती न देणे बरे.

पाटीवरच्या पेन्सिली खाणारी मुले हा मात्र वेगळा विषय आहे. ती पेन्सिल म्हणजे दगडच असतो, तिच्यात ग्रॅफाइट नसते. एखादे मूल ती रोज चोरून खात असेल, माती किंवा भिंतीचा चुना खात असेल, तर त्याला रागावू नका. त्याचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाची कमतरता असलेल्या मुलांत ही ओढ नेहमी दिसते आणि लोहाचे औषध नियमित दिल्यावर ती बहुधा थांबते.

आणखी एक. पेन्सिलीचे टोक तळहातात रुतले तर तेथे निळसर काळा ठिपका वर्षानुवर्षे राहतो. तो विषारी नसतो. जखम साबणाने धुवावी, धनुर्वाताची लस झाली आहे का पाहावे. डोळ्याला लागले असेल तर मात्र घरी चोळत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

घाऊक_धुळे

डॉक्टर ताईंनी पाटीच्या पेन्सिलीचा उल्लेख केला म्हणून सांगतो. माझा धुळ्यात वह्या-पेन्सिलींचा घाऊक व्यापार आहे. पाटीवरची करडी पेन्सिल पूर्वी मध्य प्रदेशातील मंदसोरकडून येत असे. तेथे मऊ पाटीदगड करवतीने कापून कांड्या काढत, आणि त्या धुळीतील सिलिकामुळे कामगारांना फुप्फुसांचा सिलिकोसिस जडला. त्यांच्या कल्याणनिधीसाठी मध्य प्रदेशाला १९८२ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. आपण ज्या कांड्यांनी अक्षरे गिरवली, त्या कापणाऱ्यांची ही कथा फारशी कोणाला ठाऊक नसते.

आता सरांच्या कामाचे. बाजारात हल्ली लाकडाशिवायची पॉलिमर पेन्सिल बरीच येते. तिच्यात मातीऐवजी प्लास्टिकच्या जातीचे बंधक असते आणि शिस व आवरण दोन्ही यंत्रातून एकत्र दाबून काढतात. ती वाकते, पडली तरी सहसा तुटत नाही आणि स्वस्त पडते. पण अक्षर फिके येते, मुले जोर देऊन लिहितात आणि बोटे दुखतात. दाबपेन्सिलीत घालायची ०.५ किंवा ०.७ मिलिमीटरची बारीक शिसे हा याहून वेगळा प्रकार: त्यांतही बंधक म्हणून राळ असते, पण ती भट्टीत भाजून तिचाही कार्बन करतात, म्हणून इतकी बारीक असूनही ती टिकतात. पहिली-दुसरीच्या मुलांना मात्र मी ती देणार नाही.

माझ्या मते तुमच्या दुकानदाराने षटकोनी, लाकडी, एका जातीची एचबी आणि सोबत थोडी २बी ठेवावी. लहान मुलांचा हात हलका असतो, त्यांना २बी बरी पडते, आणि मऊ शिस जाड केलेले असल्यामुळे ते वाटते तेवढे मोडत नाही. पेटी उघडून पाच-सहा पेन्सिलींचे टोक पाहिल्याशिवाय माल घेऊ नये, हे सागवानी भाऊंचे म्हणणे घाऊक व्यापारालाही लागू आहे. आम्हीही तसेच पाहतो. आणि शार्पनरचे पाते बोथट झाले की शार्पनर बदलावा. एका वर्गाला एकच शार्पनर वर्षभर पुरवायचा हट्ट धरला, तर उत्तमातली उत्तम पेन्सिलही त्यात तुटेल.

गिरणाकाठ (धागालेखक)

सर्वांचे आभार. शाळेतल्या ओरखडे पाडणाऱ्या पेन्सिली आता चित्रकलेच्या तासाला कच्ची रेघ ओढण्यासाठी बाजूला काढल्या आहेत, त्या कामाला त्यांची फिकी रेघ चालते. सुटत्या शिसाच्या पेन्सिलींवर एक उपाय सुचला आहे: टोकाकडून फटीत पातळ गोंदाचा थेंब सोडून त्या रात्रभर उभ्या ठेवाव्यात. सागवानी भाऊ, याचा उपयोग होईल का?

सागवानी

टोकापासून पेरभर आतपर्यंत होईल, त्याखाली गोंद पोहोचणार नाही. आत आधीच तडा गेला असेल तर तेवढाही नाही. नव्या, न पडलेल्या पेन्सिली असतील त्यांनाच करून पाहा, आणि टोक शार्पनरऐवजी चाकूने लांबट करा. पिळा बसत नाही, त्यामुळे सैल शिसही निभावून जाते. चाकू मात्र मुलांच्या हाती नको.